भोसरीच्या हवेत कण किती हे कळतं, पण ते आले कुठून?

भोसरीचा एक्यूआय वाढला की सोशल मीडियावर एकच वाद सुरू होतो. दोष कुणाचा? चाकणच्या कारखान्यांचा, नाशिक महामार्गावरच्या ट्रकांचा, की कचरा जाळणाऱ्यांचा?

एक्यूआयकडे याचं उत्तर नसतंच. भोसरी, निगडी, आळंदी इथली 'सफर'ची केंद्रं ही पाषाणच्या आयआयटीएम संस्थेची यंत्रणा. पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण, एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम आहेत, हे ती सांगते. भारतात २४ तासांची मर्यादा ६०, तर जागतिक आरोग्य संघटनेची १५. पण हे झालं फक्त वजन.

मग कण कशाचे हे कसं कळतं?

त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर लागतो. यात हवेतले कण निर्वात नळीत ओढले जातात आणि सुमारे ६०० अंश सेल्सिअस तापलेल्या पृष्ठभागावर आदळून त्यांची वाफ होते. त्या वाफेवर इलेक्ट्रॉनचा मारा केला की रेणूंचे तुकडे पडतात. तुकड्यांच्या वस्तुमानावरून ओळख पटते. लाकूड, पालापाचोळा जळाला असेल तर ६० वस्तुमानाचा तुकडा ठळक दिसतो, वाहनांच्या धुरात ५७ चा.

मात्र रस्त्यावरची माती, काजळी आणि बहुतेक धातूंची या तापमानाला वाफ होत नाही. धातूंसाठी फिल्टरवर कण गोळा करून प्रयोगशाळेत वेगळी तपासणी करावी लागते. तिथेही नुसतं लोखंड सापडलं म्हणून फाउंड्रीवर बोट ठेवता येत नाही. लोखंड मातीत असतं, ब्रेकच्या भुकटीतही असतं.

याने फरक काय पडतो?

उपाय बदलतो. धूळ असेल तर रस्ते झाडणं, पाणी मारणं उपयोगी. पण अमोनियम सल्फेट निघालं तर? ते मुख्यतः सल्फर डायऑक्साइड आणि अमोनियापासून हवेतच तयार होतं आणि शेकडो किलोमीटर जातं. तिथे पाण्याचे टँकर काय करणार? शिवाय चाकण पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे, आणि हवा हद्द पाळत नाही.

२०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची प्रगती मुख्यतः पीएम १० वर मोजली जाते. त्यात जाड धूळही येते. त्यामुळे धूळ हटवली की आकडा सुधारतो. फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण तसेच राहू शकतात.

दिल्लीने जानेवारी २०२३ मध्ये आयआयटी कानपूरच्या मदतीने तासातासाला प्रदूषणाचे स्रोत सांगणारं केंद्र सुरू केलं होतं. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वादालाही अशाच मोजणीची गरज आहे.