निवडुंगाची पर्स आणि उदगीरची खादी

स्वातंत्र्यदिनासाठी नांदेड जिल्ह्यातल्या भोकरच्या बाजारात या आठवड्यात तिरंगे लागले, ते पॉलिस्टरचे. कायद्याची त्याला आडकाठी नाही. 30 डिसेंबर 2021 च्या दुरुस्तीने ध्वजसंहितेत पॉलिस्टरही बसलं आणि यंत्रावरचं कापडही. पण ध्वजाची खादी विणणारं उदगीर शेजारच्या लातूर जिल्ह्यात, ध्वज शिवणारी मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडात, आणि भोवती पऱ्हाटीची शिवारं. इथेच पॉलिस्टर विकलं जावं, याचा संताप येतो.

तिकडे महागड्या फॅशनला वनस्पतींची ओढ लागली आहे. मेक्सिकोतलं 'देसर्तो' निवडुंगाचं चामडं म्हणून मिरवतं. 2021 साली जर्मनीतल्या फिल्क संस्थेच्या संशोधकांनी चामड्याचे असे पर्याय तपासले. देसर्तोत वनस्पतीचे कण निघाले, पण ते पॉलियुरेथेनच्या थरात, आणि तो थर कापडाच्या अस्तरावर. अननसाच्या पानांपासूनच्या 'पिनाटेक्स'मध्ये तंतू खरेच पानांचे असतात. त्यांना पीएलए या जैवप्लास्टिकची जोड देऊन वर राळेचा लेप चढवतात. म्हणजे नाव झाडाचं, टिकाऊपणा प्लास्टिकचा.

आता उदगीरचं कापड पाहा. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत कापूस. स्वतंत्र भारताचं पहिलं मानक, आयएस 1, ध्वजाचंच आहे. खादीच्या ध्वजासाठी त्यात सूत, वीण, वजन, रंगाचा पक्केपणा असं सगळं ठरवून दिलेलं आहे आणि तपासणीत नापास झालेलं कापड चालत नाही. पॅरिस-मिलानच्या दुकानातल्या पर्सवर 'वनस्पतीजन्य' लिहायला इतकी कडक कसोटी कुठे आहे? लक्झरी म्हणून जे विकलं जातं, त्याच्यापेक्षा हे कापड कितीतरी जास्त प्रामाणिक आहे. ते हाताने कातलेलं, हाताने विणलेलं आहे, तरी त्याला पॉलिस्टरच्या भावाशी झुंजायला लावलं आहे.

या खादीचा कापूसही देशी वाणांचा असायला हवा. देशी कापसाचा धागा आखूड, ही सबब आता चालणार नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने पीए 740, पीए 810, पीए 812 असे लांब धाग्याचे देशी वाण दिले आहेत. धागा 28 मिलिमीटरच्या पुढे. कोरडवाहू रानात तग धरणारं आणि रसशोषक किडींना दाद न देणारं हे पीक. फवारणीचा खर्च वाचतो, तो थेट शेतकऱ्याचा.

अडतं ते जिनिंगपाशी. देशी आणि बीटी कापूस एका ढिगात पडले की वेगळा भाव मागायची सोयच उरत नाही. खादी संस्थांनी देशी रुईची मागणी आगाऊ नोंदवली, तर पुढच्या जूनमध्ये भोकर तालुक्यात हे बियाणं पेरलं जाईल, याबद्दल या स्तंभाला शंका नाही. तोवर शाळा, ग्रामपंचायती आणि तहसील कार्यालयाला एवढं जमण्यासारखं आहे: 26 जानेवारीचे ध्वज नांदेडच्या समितीकडून घ्यावेत आणि मागणी दिवाळीआधी नोंदवावी.