महाराजांचा ‘स’ कुणी खाल्ला?

सप्ताहाची पहिली रात्र. मेहकर तालुक्यातलं एक गाव, मारुतीच्या देवळापुढे मांडव. कीर्तन आटोपलं आणि एक आजी तडक माझ्या मिक्सरपाशी आल्या. “आवाज तं लय आहे बाबू, पण महाराज काय सांगून राह्यले ते समजूनच नाही राह्यलं.”

मला वाटलं, आजींना ऐकू कमी येत असेल. स्क्रीनवर तर पाचही बँड सुरेख नाचत होते!

ऐकू मला येत नव्हतं, हे कळायला दुसरी रात्र लागली. म्हणून हे लिहितोय, आणि माझ्यासारख्याच पोरांवर लिहितोय. चिखलीपासून मलकापूरपर्यंत डिजिटल मिक्सर घेऊन फिरणारे आपण, माइकमध्ये कुणी ‘हॅलो’ म्हणायच्या आत मल्टिबँड कॉम्प्रेसर लावून मोकळे होतो. तो असा डोळे मिटून लावणं थांबवा.

साधा कॉम्प्रेसर अख्खा आवाज दाबतो. मल्टिबँड त्याच आवाजाचे खालपासून वरपर्यंत तुकडे करतो (बँड म्हणजे लग्नातला नव्हे) आणि प्रत्येक तुकडा वेगळा दाबतो. बेहरिंजरच्या एक्स-३२ मधल्या कॉम्बिनेटरमध्ये असे ५ तुकडे आहेत. स्टुडिओत गायक बंद खोलीत एकटा असतो, तिथे हे शोभतं. यूट्यूबवरच्या व्हिडिओतलं सेटिंग मी तिथूनच उचललं होतं.

पण कीर्तनात महाराजांच्या पाठीशी टाळकऱ्यांची रांग असते. टाळ वाजला की तो महाराजांच्याच माइकमध्ये शिरतो, तोही वरच्या बँडमध्ये. मशीनला काय माहीत टाळ कुणाचा आणि तोंड कुणाचं? ते तो बँड दाबतं. नेमके तिथेच महाराजांचे स, श, च असतात, तेही टाळासोबत खाली जातात. आवाज मोठा राहतो, शब्द जातो. वर आपण दाबलेलं भरून काढायला गेन चढवलेला असतो. महाराज श्वास घ्यायला थांबले की टाळ-मृदंग एकदम अंगावर येतात.

याहून वाईट गोष्ट मॉनिटरची. बहुतेक मिक्सरमध्ये मॉनिटरला कॉम्प्रेस झालेलाच आवाज जातो. महाराज जितका जोर लावतात, तितका त्यांना स्वतःचा आवाज दबलेला ऐकू येतो, म्हणून ते आणखी जोर लावतात. चौथ्या दिवशी घसा बसला की आपण थंडीला दोष देतो. डिजिटल मिक्सरमध्ये एकच माइक दोन चॅनेलवर घेता येतो, एक श्रोत्यांसाठी, दुसरा कॉम्प्रेसरशिवाय मॉनिटरसाठी. पैसाही लागत नाही. तरी किती जण करतात?

“मग महाराज एकदम कडाडले तर?” असं माझा जोडीदार विचारतो. प्रश्न बरोबर आहे. महाराज स्टँडच्या माइकला तोंड लावतात तेव्हा २०० हर्ट्झच्या आसपास आणि खाली आवाज फुगतो, मागे सरकले की पातळ होतो. कायमचा इक्यू लावून हे सुटत नाही. इथे मल्टिबँड खरंच कामाचा आहे, पण एकच बँड, तोही फक्त फुगल्यावर ३-४ डेसिबल दाबेल इतका. कडाडण्याची टोचणी असेल तर मधला एक बँड हलकेच. बाकीचे बंद. आणि त्याआधी १०० हर्ट्झच्या आसपास लो-कट, माइकची जागा, आणि फेडरवर बोट ठेवून कीर्तन ऐकणं. हो, ऐकणं! कीर्तनभर मोबाइल पाहणारा ऑपरेटर कुठल्याही मशीनने सुधारत नाही.

दुसऱ्या रात्री मी वरचे बँड बंद केले. जोडीदार म्हणाला, एवढं महागाचं मिक्सर घेतलं आणि स्क्रीनवर काहीच हलत नाही. शब्द मात्र मांडवाच्या मागच्या बाजूला उभं राहूनही कळत होते.

टाळ तरी माइकमध्ये येतच होता. टाळकऱ्यांना दोन पावलं मागे सरका म्हणायची हिंमत मला तिसऱ्या दिवशी झाली. ते लगेच सरकले.