डोक्यावरचं छत्र

उन्हाळ्याची वाळवणं डब्यांत गेली, मसाले कुटून झाले, की आपण गृहिणी पावसाळ्याच्या तयारीला लागतो. छत्र्यांच्या काड्या नीट करून आणायच्या, मुलांचे रेनकोट आखूड झालेत का ते अंगाला लावून पाहायचे, गच्चीवरची पन्हळ साफ करून घ्यायची. या यादीत एक वस्तू मात्र बहुतेक घरांत राहूनच जाते. ती म्हणजे हेल्मेट. दारामागच्या खुंटीवर ते बारा महिने लटकत असतं, आणि पावसातही तेच चालेल असं आपण गृहीत धरतो.

एका वाचक भगिनीने लिहिलं आहे, “आमच्याकडे स्कूटर एक आणि हेल्मेटही एकच. ते ह्यांच्या डोक्यावर. मी मागे बसते, मला कशाला, असं सगळे म्हणतात. पावसात मी छत्री उघडून धरते. मला चष्मा आहे. स्वतः चालवायची वेळ आली की समोरचं काही दिसत नाही. काय करू?”

भगिनींनो, या पत्रातला एकेक प्रश्न आपल्या सगळ्यांचाच आहे. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी “मागे बसणारीला कशाला” हे बघू. गाडी घसरली तर चालवणाऱ्याच्या हातात निदान हँडल तरी असतं. साडी नेसून एका बाजूला पाय सोडून बसलेली बाई सरळ रस्त्यावर फेकली जाते. डांबर काही पुढचा कोण नि मागचा कोण असं विचारत नाही. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या १२९ व्या कलमाप्रमाणे चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, चालवणाऱ्याला आणि मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. न घातल्यास एक हजार रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित होऊ शकतं. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठी १५ फेब्रुवारी २०२३ पासून वेगळा नियम आहे. मूल पट्ट्याने चालवणाऱ्याशी बांधलेलं हवं, त्याच्या मापाचं हेल्मेट हवं आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत हवा.

पण दंड वाचवायला हेल्मेट घालू नका, डोकं वाचवायला घाला. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले, आणि सहा दिवसांनी गेले. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे केर्न्स यांनी लष्कराच्या मोटारसायकलस्वारांच्या अपघातांचा अभ्यास केला आणि १९४१ साली हेल्मेटची गरज लेख लिहून मांडली. त्यानंतरही जगभर पुष्कळ अभ्यास झाले. ते एकत्र करून कॉक्रेन या संस्थेने २००८ साली निष्कर्ष काढला, की हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्के आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्के कमी होतो.

आता खरेदीचं. रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली स्वस्त हेल्मेटं घेऊ नका. ती नुसती प्लॅस्टिकची टोपलीच असते. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मार्कच्या वर ‘आयएस ४१५१’ आणि खाली ‘सीएम/एल’ क्रमांक असतो. हल्ली खोटे मार्कही चिकटवतात. तेव्हा तो क्रमांक मोबाईलवरच्या ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये घालून दुकानातच पडताळून बघा. दुकानदार कुरकुरला तर कुरकुरू द्या!

पावसासाठी तोंड पूर्ण झाकणारं हेल्मेट उत्तम. हनुवटीही सुरक्षित राहते आणि पाण्याचे सपकारे तोंडावर बसत नाहीत. अर्ध्या टोपीसारखं हेल्मेट पावसात अगदीच निरुपयोगी. चष्मा असलेल्यांनी हनुवटीचा भाग वर उचलता येणारं हेल्मेट बघावं. चष्मा न काढता ते घालता येतं. थोडं महाग आणि जड पडतं, पण सोय मोठी.

माप घ्यायला घरातली शिवणकामाची टेप पुरे. भुवयांच्या बोटभर वरून डोक्याभोवती टेप धरा आणि जे सेंटिमीटर येतील ते सांगा. दुकानात घालून बघाल तेव्हा गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. मान हलवली की हेल्मेटही बरोबर हललं पाहिजे. ते एकटंच फिरत असेल तर मोठं आहे. पट्टा लावून मागून पुढे ढकललं तर निघून येता कामा नये. पट्टा आणि हनुवटी यांच्यामध्ये जेमतेम दोन बोटं जावीत. स्वतःचा चष्मा घालूनच ही सगळी परीक्षा करा.

आपली बायकांची खरी अडचण असते अंबाड्याची. वर बांधलेल्या अंबाड्यावर हेल्मेट बसतच नाही, तरंगत राहतं. बाहेर पडताना मानेजवळ सैल वेणी घाला. मोठे चाप आणि आकडे काढून पर्समध्ये ठेवा, पडल्यावर तेच डोक्यात रुततात. लोंबते झुमकेही पोचल्यावर घाला. आत रुमाल बांधायचा तर पातळ सुती बांधा. जाड स्कार्फने मापच बदलतं. रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत कोंबू नका, ती मागे दुमडून ठेवा.

डोळ्यांचं काय? हेल्मेटची पुढची काच पावसाळ्यात स्वच्छ, बिनरंगाचीच हवी. काळी काच उन्हात ठीक, पण ढगाळ संध्याकाळी तिच्यातून खड्डाही दिसत नाही. चरे पडलेली काच तर रात्री आंधळं करते. समोरच्या दिव्याचा उजेड प्रत्येक चऱ्यावर फुटतो. काच वेगळी बदलून मिळते, नव्या हेल्मेटपेक्षा पुष्कळ स्वस्तात. तिला कोरड्या पदराने पुसू नका, धुळीच्या कणांनी चरे पडतात. आधी पाणी ओता, मग मऊ ओल्या कपड्याने टिपा.

काच आतून धुरकट का होते, ते स्वयंपाकघरात रोज दिसतं. पातेल्यावर गार झाकण ठेवलं की वाफेचे थेंब धरतात. तसाच आपला गरम श्वास पावसाने गार झालेल्या काचेवर धरतो. म्हणून काच अगदी बोटभर उघडी ठेवून हवा खेळू द्यावी. हेल्मेटला हवेची छिद्रं असतील तर ती उघडी ठेवावीत. घरचा उपाय म्हणजे भांडी घासायच्या पातळ साबणाचा एक थेंब काचेला आतून चोळून मऊ फडक्याने पुसून घ्यायचा. चष्म्यालाही हे चालतं, पण काचेवर किंवा चष्म्यावर खास लेप असेल तर करू नका. काही हेल्मेटांना आतून दुसरी पातळ काच बसवता येते, तिला पिनलॉक म्हणतात. दोन काचांमध्ये हवा कोंडलेली राहते, त्यामुळे वाफ धरत नाही. रोज पावसातून कामाला जाणारीने हा खर्च जरूर करावा.

नुसता चष्मा किंवा गॉगल म्हणजे पावसातलं संरक्षण नव्हे. बाजूने पाणी आत येतंच. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्या मुलींनी तर डोळ्यांत पावसाचं पाणी मुळीच जाऊ देऊ नये. त्यातून डोळ्याला जंतुसंसर्ग होऊ शकतो. आणि एवढं करूनही समोरचं दिसेनासं झालं, तर भिडेखातर गाडी दामटू नका. कडेला सुरक्षित जागी उभ्या राहा. सर ओसरेपर्यंत घरचे थांबतील. पोळ्या दहा मिनिटं उशिरा झाल्या तर काही बिघडत नाही.

मागे बसून छत्री धरणं मात्र आजपासून बंद. वाऱ्याने छत्री उलटली की तोल जातो, आणि चालवणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काडी येते ती वेगळीच. दोन रेनकोट घ्या.

ओलं हेल्मेट गॅसजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नका. आतला थर्मोकोलसारखा भागच डोक्याला वाचवतो. उष्णतेने, पेट्रोलने, थिनरने तो खराब होतो. सुटं होणारं अस्तर सौम्य साबणाने धुऊन पंख्याखाली वाळवा. हेल्मेट गाडीच्या आरशावर टांगू नका, आतून दबतं. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी टाकून द्या. आतला भाग एकदाच मार झेलतो. म्हणूनच “ह्यांचं जुनं मला चालेल” हा आपला नेहमीचा काटकसरीपणा इथे कामाचा नाही. साडी जुनी चालते, पातेलं कल्हई करून चालतं. तडकलेलं हेल्मेट मात्र ज्याला नको तेच आपल्यालाही नको.

एकदम दोन-तीन हेल्मेटं घेणं जड जात असेल तर दर महिन्याच्या वाणसामानातून थोडे बाजूला टाका. पण घरात जितकी माणसं गाडीवर बसतात तितकी हेल्मेटं, हा हिशेब पक्का ठेवा. त्यात स्वतःला शेवटी मोजू नका.

जाता जाता एक. सकाळी डबा हातात देताना “पट्टा लावलास का?” असं विचारायची सवय ठेवा. न लावलेल्या पट्ट्याचं हेल्मेट पडणाऱ्याच्या आधीच डोक्यावरून उडून जातं.