ब्रेकची डिस्क : रस्त्याची आणि शर्यतपथाची
ब्रेक दाबताच धावत्या मोटारीची गतिज ऊर्जा चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कमध्ये, म्हणजेच रोटरमध्ये, उष्णतेच्या रूपाने उतरते, आणि वेग दुप्पट झाल्यास ही ऊर्जा चौपट होत असल्याने, वळणावळणाला जोराने ब्रेक लागणाऱ्या शर्यतपथावर डिस्कला निवायला उसंत मिळत नाही. तिथे आतून हवा खेळवणाऱ्या पोकळ्यांची, जाड आणि पृष्ठभागावर खाचा असलेली डिस्कच घ्यावी. देखण्या छिद्रांची डिस्क टाळावी, कारण सतत तापण्यानिवण्याने छिद्रांच्या कडांपासून तडे जातात. रोजच्या रस्त्यासाठी बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, साधी गुळगुळीत डिस्क उत्तम. फॉर्म्युला वनची कार्बन डिस्क तर तिथे धोक्याचीच, कारण काही शे अंश सेल्सिअस तापल्याखेरीज ती नीट पकड घेत नाही.