घरची यंत्रे : तापून बंद पडणारा संगणक



वाडीतल्या पंपाचा स्टार्टर ट्रिप झाला, तर जाणता शेतकरी पुन्हा पुन्हा हिरवे बटण दाबीत बसत नाही. मोटार जळू नये म्हणूनच रिलेने ती थांबवली, हे त्याला ठाऊक असते. तो आधी कारण शोधतो. मुलांचा खेळ ऐन रंगात आला असता संगणक पटकन बंद पडतो, तेव्हाही हेच ध्यानात ठेवावे. आताचे प्रोसेसर ९५ ते १०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापले की आधी आपला वेग कमी करतात, खेळ अडखळू लागतो. तरीही ताप उतरला नाही तर यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी बंद होते. म्हणून लगेच मुलाला बोल लावू नये, आणि दुकानात जाऊन महागडा सुटा भागही घेऊ नये.

खेळाचा मोठा संगणक भरात चालताना ३०० ते ४०० वॅट वीज खातो. म्हणजे ६० वॅटचे पाच-सहा दिवे एका पेटीत कोंडून लावण्यासारखेच आहे. ती उष्णता बाहेर नेण्याचे काम वाऱ्याचे. वारा अडला की ताप चढला.

ताप की वीज?

खेळ सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटांनी बंद पडत असेल, तर बहुधा ताप. पंप किंवा फ्रिज सुरू होताच बंद पडत असेल, तर दाब उतरतो आहे. यू.पी.एस. ओरडून बंद होत असेल, तर त्याची ताकद पाहा. ६०० व्ही.ए.चा लहान यू.पी.एस. साधारण ३६० वॅटच पेलतो. खेळाचे ओझे त्याला झेपत नाही.

खात्री करण्याची एक बिनखर्ची युक्ती आहे. यंत्र बंद करून पेटीची बाजूची झडप काढा, समोर टेबलपंखा लावा आणि मग खेळ चालवून पाहा. आत मात्र हात घालू नका. आता बंद पडत नसेल, तर दोष तापाचाच. पेटी कायमची उघडी ठेवू नका. पाल, झुरळ आणि धूळ आत शिरायला वेळ लागत नाही.

जागा आणि सफाई

पेटी कपाटात, भिंतीला चिकटून किंवा भरतकामाच्या आच्छादनाखाली चालवू नये. मागे वीतभर जागा हवी. चुलीच्या धुराजवळ ठेवू नये. तेलकट काजळीवर धूळ घट्ट बसते. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या खोलीत दुपारी खेळणे टाळलेलेच बरे.

सफाईपूर्वी प्लग काढा. कोरड्या मऊ ब्रशाने पंखे, जाळ्या आणि धातूच्या पात्यांतली धूळ काढा. ब्लोअर मारताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा. भन्नाट फिरले तर बेअरिंग बिघडते. ओला कपडा लावू नका, तोंडाने फुंकू नका. वीज देणारा डबा, म्हणजे एस.एम.पी.एस., कधीही उघडू नका. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

मग सगळे पंखे फिरतात का ते पाहा. यंत्र सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ कळ दाबली की बहुतेक संगणकांत तापमान दिसते. तेथे ४०-५० अंश असेल तर ठीक. काही न चालवता ८० दिसत असेल, तर प्रोसेसरवरचा पंखा नीट बसलेला नाही किंवा त्याखालची पेस्ट सुकली आहे. जुनी पेस्ट पुसून मटाराच्या लहान दाण्याएवढी नवी लावावी. हात बसलेला नसेल तर हे काम कारागिराकडून, पण समोर बसून करून घ्यावे.

खारी हवा

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धनकडच्या घरांना आणखी एक शत्रू आहे. वाऱ्याबरोबर येणारे मीठ पात्यांवर बसते, दमट हवेतले पाणी ओढते आणि धातू गंजवते. त्यात धूळ मिसळली की तिचा चिखलासारखा थर होतो. म्हणून पेटी समुद्राकडच्या खिडकीशी ठेवू नये. पावसाळ्यात यंत्र महिनोन्महिने बंदही ठेवू नये. चार-पाच दिवसांनी अर्धा तास चालवले की आतली ओल उडते.

एवढे करूनही ताप राहिला, तर खेळातील चित्रांचा दर्जा एक पायरी खाली आणावा. काही बिघडत नाही.

ज्या यंत्रावर मुले खेळतात, त्यावरच सात-बारा निघतो आणि शाळेचे अर्जही भरले जातात. ते जपणे सगळ्या घराच्या हिताचे आहे. दिवाळीपूर्वी घर झाडाल, त्या दिवशी ही पेटीही झाडून घ्या. आणि हे काम मुलामुलींच्याच हाती सोपवा. ज्याला यंत्र स्वच्छ करता येते, त्याला ते जपावेसेही वाटते.