चोरी कुठे होते आणि कुठे होत नाही

एक टीबीची नवी एक्सटर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडली की विंडोज ९३१ जीबी दाखवते. मग बडोद्याचे पाणीगेट असो की पुणे, दोन मते हमखास ऐकू येतात. ग्राहक म्हणतो, कंपनीने ६९ जीबी खाल्ले. दुकानदार म्हणतो, फॉरमॅटमध्ये तेवढे जातातच, सगळ्या डिस्कमध्ये कमीच दिसते. दोन्ही मते चुकीची आहेत. दुसरे तर घातकही आहे.

आधी ग्राहकाचा आरोप. कंपनीचा एक टीबी म्हणजे एक लाख कोटी बाइट. विंडोज १०२४ चा तीनदा गुणाकार करून १,०७,३७,४१,८२४ बाइटला एक जीबी धरते. भागाकार केला की ९३१ येतात. बाइट सगळे जागेवर आहेत. माप बदलले आहे. बडोदे संस्थानात एके काळी बाबाशाही आणि इंग्रजी असे दोन रुपये चालत. दोन्ही रुपयेच, पण बाबाशाहीचा भाव कमी. कोणता रुपया हे न विचारता हिशेब मांडला, तर न गेलेले पैसेही गेल्यासारखे वाटणारच.

या घोळावर १९९८ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने तोडगा काढला आणि १०२४ च्या हिशेबाला गिबिबाइट हे वेगळे एकक दिले. विंडोजने हिशेब तोच ठेवला, नाव मात्र जीबीच. ॲपलने २००९ पासून मॅकवर दशमान मोजणी स्वीकारली. म्हणून तीच डिस्क मॅकला जोडली की पूर्ण एक टीबी दिसते. फॉरमॅटने जागा खाल्ली असती, तर ती मॅकवर कुठून परत आली असती? रिकाम्या डिस्कवर फाइल सिस्टिमची स्वतःची नोंदवही फार तर काहीशे एमबी घेते. दुकानदाराचे स्पष्टीकरण इथेच कोसळते.

कोणी विचारेल, सामान्य माणसाने हे गणित का करावे? प्रश्न रास्त आहे. अमेरिकेत याच फरकावरून वेस्टर्न डिजिटलवर दावा झाला आणि २००६ मध्ये तडजोड होऊन ग्राहकांना बॅकअपचे सॉफ्टवेअर मोफत देऊ करण्यात आले. माहिती ठळकपणे न देण्याचा दोष कंपन्यांच्या पदरी घालता येतो, चोरीचा नाही.

‘कमी दिसतेच’ हे वाक्य घातक अशासाठी, की त्याच्या आड खरी तूट लपते. चार टीबीच्या डिस्कवर ३७२६ जीबी दिसायला हवेत. २०४८ च दिसत असतील, तर डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीने मांडलेली असण्याची दाट शक्यता आहे. ती पद्धत ५१२ बाइटच्या सेक्टरवर त्यापुढे मोजूच शकत नाही. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये उरलेली जागा ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसते. डेटा दुसरीकडे हलवून जीपीटी पद्धत निवडली की ती वापरता येते. काही वेळा केवळ पार्टिशन अर्धवट केलेले असते. तेही तिथेच कळते.

आणि खरी फसवणूक होते तिथे आकडा कमी दिसतच नाही. बनावट डिस्कमध्ये छोटी मेमरी बसवून तिचे फर्मवेअर खोटे बोलायला शिकवलेले असते. पडद्यावर सगळे टीबी दिसतात, फाइली कॉपी होतात, आणि खरी जागा संपल्यावर आधीचे किंवा नंतरचे फोटो उघडत नाहीत. ९३१ वर भांडणारा ग्राहक पूर्ण आकड्यावर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवतो.

म्हणून नवी डिस्क आणल्यावर प्रॉपर्टीजमध्ये जीबीशेजारचा बाइटचा आकडा वाचा, डिस्क मॅनेजमेंट पाहा, आणि एचटूटेस्टडब्ल्यूसारख्या प्रोग्रामने रिकामी डिस्क शेवटपर्यंत भरून परत वाचून घ्या. चार टीबीला एका रात्रीहून बराच जास्त वेळ लागू शकतो, पण बदलून घेण्याची मुदत असतानाच हे व्हायला हवे. लग्नाचे व्हिडिओ, आजोबांच्या मोडी कागदांचे स्कॅन त्यानंतरच तिच्यावर ठेवावेत. दुकानदारांनीही ‘कमी दिसतेच’ म्हणणे सोडून विक्रीच्या वेळीच सांगावे: एक टीबीला ९३१, दोनला १८६३, चारला ३७२६. याहून स्पष्ट कमी दिसले, तर तो तक्रारीचा विषय आहे आणि ती ऐकून घेणे हे विकणाऱ्याचे काम आहे.