आजच्या दिवसापुरता नियम

आष्टीसारख्या तालुक्याच्या गावात व्यापारी घरातील कोणी मद्याच्या आहारी गेला, तर ते प्रथम दुकानातील नोकरांना कळते, मग गिऱ्हाइकांना. घरात मात्र त्या गोष्टीचा उच्चार सर्वांत शेवटी होतो. सप्तव्यसनांच्या त्यागाचा पाठ ज्याने पाठशाळेत घोकला, त्याच्याच गल्ल्यामागे बाटली सापडते, तेव्हा पहिली चिंता त्याच्या यकृताची नसते. बाजारातील पत जाण्याची आणि धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची असते. मग चातुर्मासात महाराजसाहेबांसमोर त्याला आजीवन त्यागाचा नियम घ्यायला लावतात. तो मनापासून घेतो. काही दिवसांत नियम मोडतो, आणि त्यानंतर हा माणूस दारूची नव्हे, स्थानकाची वाट टाळू लागतो. नियम खोटा नव्हता. आजार त्याहून मोठा होता.

या आजारावरचा एक उपाय एका फसलेल्या व्यवहारातून जन्मला, हे व्यापारी घरांनी मुद्दाम ध्यानात घ्यावे. १९३५ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात वावरणारा बिल विल्सन एका कंपनीच्या व्यवहारासाठी अमेरिकेतील अ‍ॅक्रन या गावी आला होता. दारू सोडून त्याला पाच महिने झाले होते. व्यवहार फिसकटला. हॉटेलात एकीकडे मद्यालयातील गलबला ऐकू येत होता, दुसरीकडे भिंतीवर स्थानिक चर्चची यादी होती. त्याने यादी पाहून दूरध्वनी केला. त्याला बोलायला दुसरा मद्यपी हवा होता. एकाकडून दुसऱ्याकडे विचारणा करीत तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदापर्यंत पोहोचला. थोडा वेळच बसण्याच्या अटीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बोलत राहिले. डॉ. बॉब यांचा दारूविना पहिला दिवस, १० जून १९३५, हाच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापना दिवस मानला जातो. १९५७ मध्ये ही चळवळ मुंबईत आली.

महाराष्ट्राने आपली वाटही काढली. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ त्याला लाभले. दाखल होऊन उपचार घ्यावे लागतात तेव्हा असे केंद्र. घरी परतल्यावर टिकून राहायला मात्र बैठक लागते.

बैठकीतील नियम आजन्माचा नसतो. ‘आज प्यायची नाही’ एवढाच असतो, उद्याचे उद्या. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांच्या नवकारसीचे पच्चक्खाण रोज नव्याने घेणाऱ्या घरांना ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही.

बैठक शोधावी कशी? केंद्र शासनाच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा निःशुल्क क्रमांक १४४४६ आहे. शासकीय रुग्णालयातील मनोविकार विभागातही चौकशी करता येते. वार, वेळ, जागा आणि भाषा विचारून घ्यावी; बैठक खुली की बंद, हेही विचारावे. खुल्या बैठकीला घरचे माणूस सोबत बसू शकते, बंद बैठक केवळ मद्यपींची असते. वेळा बदलतात, म्हणून निघण्यापूर्वी पुन्हा एकदा खात्री करावी. गावात बैठक नसेल, तर जवळच्या मोठ्या शहरातील विचारावी. सप्टेंबर २०२२ पासून नवीन आष्टी ते अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, अशी ६६ किलोमीटरची रेल्वेही झाली आहे. खरेदीसाठी नगरला जाणाऱ्याला आणखी एक काम काढणे जड नाही. जड असते ती भीती: नगरच्या बाजारपेठेत पावलोपावली सोयरे! पण बंद बैठकीत कोणी ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कारणाने आलेला असतो. तेथे आडनाव विचारत नाहीत, हजेरीपुस्तक नसते, बोलण्याची सक्तीही नसते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट.

शुल्क नसते. स्वेच्छेने पैसे गोळा होतात, तेही सदस्यांकडूनच. बाहेरच्या देणग्या हे समूह स्वीकारत नाहीत. दानशूर समाजाला हे थोडे चमत्कारिक वाटेल. येथे देणगीदाराच्या नावाची फरशी बसवायला जागाच नाही.

एक सावधगिरी मात्र अत्यावश्यक. वर्षानुवर्षे रोज भरपूर पिणाऱ्याने वैद्यकीय देखरेखीविना एकाएकी दारू बंद करू नये. हात थरथरणे, भास होणे, झटके येणे असे प्रकार घडू शकतात आणि ते जीवावरही बेततात. खोलीत कोंडून ‘सोडवण्याचा’ घरगुती उपाय म्हणूनच घातक आहे. आधी डॉक्टर, मग बैठक.

तो जायला तयार नसेल, तरी पत्नीने किंवा आईने वाट पाहत बसू नये. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’चे स्वतंत्र समूह असतात, मुक्तांगणनेही पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला आहे. आणि ज्या दिवशी तो पहिल्यांदा बैठकीला जाऊन परतेल, त्या रात्री त्याला गरम जेवण वाढावे. तेथे कोण कोण होते, हे मात्र कोणीही विचारू नये.